विद्यमान नगरसेवकाला पाडायचंय, पण आमच्याकडे विद्यमान नक्की कोण?

पावणेपाच_पेन्शनर | ३ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

काल महापालिका निवडणुकीच्या माघारीची मुदत संपली, आज चिन्हं वाटून झाली, म्हणजे आता आमच्या प्रभागात खरोखर कोण कोण उरलंय ते कळलं म्हणून धागा काढतोय. गाव पुणे. प्रभागाचा नंबर लिहीत नाही आणि पक्षांची नावंही लिहीत नाही, कारण मग पाचव्या प्रतिसादात धागा कुठे पोचतो ते सगळ्यांना माहितीये.

तर २०१७ ला आमच्याकडे चौघं निवडून आले. त्यातले दोघं निकालाच्या मिरवणुकीनंतर मी तरी पाहिलेले नाहीत. तिसरे बरे होते. चौथे म्हणजे माननीय. कमान त्यांच्या नावाची, बागेतले बाक त्यांच्या नावाचे, आमच्या घरातल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीवर त्यांचा फोटो, हिने तो घासून घासून अर्धा घालवलाय पण मिशी अजून आहे. मार्च २०२२ ला मुदत संपली, प्रशासक आले, म्हणजे जवळजवळ चार वर्षं माननीय कायद्याने कुणीच नाहीत. तरी कमानीवर 'कार्यसम्राट नगरसेवक' तसंच आहे आणि ड्रेनेज तुंबलं की लोकं अजून त्यांनाच फोन लावतात. उचलतो पुतण्या.

आता गंमत बघा. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा. माननीयांची मागची जागा 'क', ती यंदा आरक्षणाच्या सोडतीत महिलेसाठी गेली. म्हणून 'क' वर वहिनी (त्यांच्या सौ.) आणि माननीय स्वतः सरकले 'ड' वर. 'ड' वर मागच्या वेळी जे होते (ते तिसरे, बरे) त्यांचं तिकीट कापलं. त्यांनी शेवटच्या दिवशी दुपारी दुसऱ्या पक्षाकडून एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचा कागद) आणला आणि आता पाच वर्षं खांद्याला खांदा लावलेले दोघं समोरासमोर. त्याच 'ड' वर एक अपक्ष, पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले इंजिनियर काका, चिन्ह शिट्टी. आणि एक रीलवाला पोरगा. 'क' वर वहिनींसमोर आमच्या मागच्या वस्तीतल्या बचतगटाच्या ताई.

माझं मन 'ड' ला काकांकडे आणि 'क' ला ताईंकडे आहे. घरात वाद चालू आहे. मुलगा म्हणतो बाबा, मत फुकट घालवू नका, पाडायचंच असेल तर जो पाडू शकतो त्याला द्या. तुमचं काय म्हणणं?

---

गोट्या_गिरगावकर | ३ जानेवारी, रात्री १०.१५

पहिला मी.

काका तुमची ती अ ब क ड भानगड आम्हा मुंबईकरांना कळतच नाही बघा. आमच्याकडे २२७ वॉर्ड, एका वॉर्डात एक नगरसेवक, आवडला तर ठेवा नाहीतर घरी बसवा. तुमचं म्हणजे थाळी आहे, भाजी नको म्हटलं तरी ताटात येतेच.

मत फुकट जाण्यावरून आठवलं. २०१७ ला आमच्याकडे वॉर्ड २२० मधे शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह, दोघांची मतं सारखीच. फेरमोजणी झाली तरी सारखीच. शेवटी चिठ्ठी काढली, शाह आले. आमच्या चाळीत एक गृहस्थ त्या दिवशी मतदान न करता अलिबागला गेले होते, त्यांना अजून लोकं 'काय मग, चिठ्ठी' असंच हाक मारतात.

---

साधामाणूस | ३ जानेवारी, रात्री ११.०२

धागाकर्ते, तुमचा मुलगा बरोबर आहे. वाईट वाटेल पण लिहितो.

पुण्यात पस्तीस लाखांच्या वर मतदार आणि ४१ प्रभाग, भागाकार करा, एका प्रभागात पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणूस. खर्चाची मर्यादा १५ लाख. ती पक्षवाल्यांना कमी पडते असं म्हणतात, अपक्षाकडे तेवढे मुळात असतात का? पॅनेलवाले, म्हणजे एका पक्षाचे चौघं, मिळून एकच पत्रक काढतात, एकच रिक्षा फिरवतात, एकच कार्यकर्ता चौघांचं काम करतो. अपक्षाला सगळं एकट्याने.

मी २०१७ ला अशाच एका सज्जन अपक्षाचं काम केलंय. माणूस हिरा. पण मतदानाच्या दिवशी प्रत्येक खोलीत पोलिंग एजंट बसवायचा तर माणसं कुठून आणायची? आमच्याकडे होती अकरा, त्यातली दोन त्यांच्या बहिणीची मुलं, त्यातला एक सतरा वर्षांचा निघाला म्हणून त्याला घरी पाठवला. दुपारी दोनला मी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत स्कूटरवर डबे पोचवत होतो. निकाल? आमच्या जागेवर नोटाला आमच्यापेक्षा जास्त पडली. साहेब हसले, म्हणाले वरीलपैकी कोणीही नाही हा माणूस माझ्यापेक्षा चांगला उमेदवार दिसतो.

पॅनेल पद्धतीत पाडायचं असेल तर बंडखोर. बाकी भजन.

---

नाशिककर_चिवडा | ४ जानेवारी, सकाळी ७.२०

साधामाणूस यांच्याशी अर्धा सहमत. पाडणं हे कामावर असतं असं तुम्ही सगळे धरून चाललाय तेच मला पटत नाही.

आमचं उदाहरण घ्या. २०१२ ला मनसेचे नाशकात १२२ पैकी ४० आले, महापौर त्यांचा. २०१७ ला किती? पाच. आता या पाच वर्षांत काहीच झालं नाही म्हणाल तर तसंही नाही, पांडवलेणीजवळचं बोटॅनिकल गार्डन टाटा ट्रस्टकडून करून घेतलं, लोकं गाड्या भरभरून बघायला जायची. बघितलं आणि मत दुसरीकडे दिलं. अर्थात निवडणुकीआधीच त्यांचे बरेच नगरसेवक उड्या मारून गेले होते, म्हणजे तोच माणूस, तीच गल्ली, फक्त चिन्ह वेगळं, आणि परत आला. मग विद्यमान पडला की विद्यमान जिंकला? तुमच्याकडेही मनसेचे २९ चे २ झाले होते ना त्याच वेळी.

---

पावणेपाच_पेन्शनर | ४ जानेवारी, सकाळी ८.०५

हो, २९ चे २. बरोबर. लाट आली की बाकाला कोण विचारतो.

---

कोथिंबीर_जुडी | ४ जानेवारी, दुपारी १.३०

सगळे 'ड' वरच बोलताय, 'क' वर कुणी बोलायचं? वहिनी उभ्या म्हणजे माननीयच उभे असं गृहीत धरलंत सगळ्यांनी. बहुतेक वेळा ते खरं असतं, कबूल. पत्रकावर वहिनींचा फोटो हाताच्या अंगठ्याएवढा आणि शेजारी साहेब हात जोडून कमरेपर्यंत, हे आमच्याकडेही आहे.

पण एक सांगते. माझ्या माहेरी (गाव सांगत नाही, लहान महापालिका) अशाच एक वहिनी निवडून आल्या होत्या. पहिलं वर्षभर नवरा बैठकांना सोबत, सही कुठे करायची तेही तोच दाखवायचा, अधिकारी बोलायचे त्याच्याशीच. मग एकदा पाणी आलं नाही म्हणून बायका घरावर गेल्या, नवरा गावाला गेलेला, ह्यांना एकटीलाच तोंड द्यावं लागलं. त्या तशाच बायकांबरोबर टाकीवर गेल्या, व्हॉल्व्हवाल्याला समोर उभा केला, आणि तिथे त्यांना कळलं की वरच्या आळीला दोन तास आणि खालच्या आळीला पस्तीस मिनिटं सोडतात आणि हे नवऱ्याला दोन वर्षांपासून माहीत आहे. त्यानंतर नवरा बैठकीत दिसला नाही. पुढच्या वेळी तिकीट नवऱ्याला दिलं पक्षाने, तो पडला. बायका म्हणाल्या वहिनी उभ्या असत्या तर दिलं असतं.

तेव्हा वहिनींना लगेच मोडीत काढू नका. बचतगटाच्या ताईंबद्दल मात्र अजून लिहा, त्यांनी काय केलंय?

---

विदा_हवा | ४ जानेवारी, दुपारी ४.४५

भावनेवर चाललाय धागा. थोडं सुकं सुकं लिहितो.

उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक कार्यालयात लावलेली असतात, मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही. २०१७ चं आणि आताचं शेजारी शेजारी ठेवून वाचा. नगरसेवकाचं मानधन पुण्यात महिना २० हजार, पाच वर्षांचे झाले १२ लाख. त्यापुढची वाढ कशाची ते उमेदवारालाच विचारा, तुमच्या सोसायटीत येतीलच.

दुसरं, मुख्य सभेतली हजेरी आणि विचारलेले लेखी प्रश्न. हे माहिती अधिकारात मिळतं. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतिपुस्तकं काढतं, तशी प्रत्येक गावात निघायला हवीत.

तिसरं, 'स' यादी. नगरसेवकाच्या नावाने बजेटमधे जे पैसे पडतात त्यातनं काय घेतलं? बाक, बकेट, कापडी पिशव्या, कमान, चांगले ब्लॉक उखडून नवे ब्लॉक. पाइपलाइन जमिनीखाली जाते, तिच्यावर नाव टाकता येत नाही, म्हणून ती कुणी सुचवत नाही.

चौथं, क्षेत्रसभा. कायद्यात २००९ पासून आहे, नगरसेवकाने मतदारांना बोलावून सभा घ्यायची. तुमच्यापैकी कुणी आजवर एकीला तरी बसलंय का?

---

आमराई_बंगला | ४ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

क्षेत्रसभा म्हणजे काय असतं? दहीहंडी का?

---

व्यवस्थापक | ५ जानेवारी, सकाळी १०.००

तीन प्रतिसादांतली पक्षांची टिंगल आणि एका उमेदवाराच्या घरचा पत्ता काढून टाकला आहे. चर्चा चालू द्या.

---

माननीयांचा_मतदार | ५ जानेवारी, रात्री ११.५०

मी वाचत होतो, लिहायचं नव्हतं. धागाकर्त्यांच्याच प्रभागातला आहे बहुतेक, बादलीवरच्या मिशीवरून ओळखलं.

२०२१ चा एप्रिल आठवा. वडलांना ऑक्सिजन लागला, मी चार हॉस्पिटलं फिरलो, रात्री दोनला माननीयांना फोन केला, पुतण्याने नाही, त्यांनी स्वतः उचलला. झोपलेले नव्हते. पंधरा मिनिटांत एका बेडचा निरोप आला. वडील राहिले नाहीत, अकराव्या दिवशी गेले. तेव्हाही स्मशानात मी, भाऊ आणि माननीयांनी पाठवलेला एक पोरगा, बस. नातेवाईक कुणी आले नव्हते, त्यांनाही दोष देत नाही.

बाक कुणाच्या नावाचा आहे याने मला फरक पडत नाही. इंजिनियर काकांना पाइपलाइन कळते, मान्य, पण रात्री दोनला ते फोन उचलतील का? आणि उचलला तर पलीकडे त्यांचा फोन कोण उचलेल?

---

कोथिंबीर_जुडी | ६ जानेवारी, सकाळी ९.१५

यावर काय लिहिणार. तुमच्या वडलांबद्दल वाईट वाटलं.

---

साधामाणूस | ६ जानेवारी, सकाळी ९.४०

हे वाचून मीही जरा थांबलो. पण एक प्रश्न पडतोच, ज्याच्याकडे माननीयांचा नंबर नव्हता त्याच्या वडलांचं काय झालं त्या रात्री?

---

माननीयांचा_मतदार | ६ जानेवारी, सकाळी १०.०२

तोही प्रश्न मला पडलाय. मत तरी त्यांनाच देणार.

---

डोंबिवली_फास्ट_नाही | ७ जानेवारी, रात्री ८.३०

तुम्ही लोकं नशीबवान. निवडायला चार-पाच जणं तरी आहेत, भांडताय तरी. आमच्याकडे कल्याण-डोंबिवलीत माघारीच्या दिवशी एवढे बिनविरोध झाले की काही ठिकाणी त्या जागेचं बटनच उरलं नाही. सगळ्यांना एकाच दिवशी आजीच्या तब्येतीची काळजी कशी काय वाटली कुणास ठाऊक. विद्यमानाला आव्हान द्यायचं तर समोर कोणीतरी उभं राहावं लागतं ना.

---

गोट्या_गिरगावकर | ७ जानेवारी, रात्री ९.१०

आजीची तब्येत, खपलो.

साधामाणूस म्हणतात अपक्ष म्हणजे भजन, पण जुहूला २००७ मधे अॅडॉल्फ डिसूझा नागरिकांचा उमेदवार म्हणून निवडून आले होते, पक्षबिक्ष काही नाही, रहिवाशांच्या गटांनी मिळून उभा केलेला माणूस. आणि २०१२ ला कुलाब्यात मकरंद नार्वेकर अपक्ष आले. (पुढे पक्षात गेले ती गोष्ट वेगळी.) होतं, पण एका वॉर्डात एक जागा असेल तर होतं. तुमच्या पंच्याऐंशी हजारांत अवघड आहे हे खरं. पुण्यातही २००७ ला एकाचा एक वॉर्ड होता ना?

---

पावणेपाच_पेन्शनर | ११ जानेवारी, रात्री १०.३०

हो होता. २००२ ला तिघांचा, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा आणि आता परत चौघांचा. दर वेळी हद्दही नवी, आरक्षणही नवं. नगरसेवकाला पाडायला जावं तर तो त्या जागेवर असतच नाही, सरकून शेजारी बसलेला असतो.

आज रविवार, सोसायटीत सगळ्यांना बोलावलं होतं. सविस्तर लिहितो.

माननीय आले ते पस्तीस माणसं घेऊन, आमच्याच खुर्च्या भरल्या, आम्ही उभे. वहिनी दोन वाक्यं बोलल्या, दुसरं वाक्य 'बाकी साहेब सांगतील'. कोथिंबीर यांचं वाचून मी मुद्दाम वहिनींनाच विचारलं की मागच्या गल्लीतला चेंबर वर्षभरात किती वेळा भरला. मला वाटलं साहेबांकडे बघतील. त्या म्हणाल्या, 'सहा वेळा, आणि दर वेळी नवरात्रातल्या मंडपाच्या खड्ड्यातली माती आत जाते म्हणून.' साहेब चमकले. मीही.

बंडखोर आले ते एकटे, चहा घेतला, माननीयांवर पंचवीस मिनिटं बोलले. कुठलं टेंडर कुणाला, कुठला रस्ता तीनदा. ऐकायला मजा आली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाई म्हणाल्या, हे सगळं तुम्हाला तेव्हाच माहीत होतं तर तेव्हा का नाही बोललात? त्यांचा चहा संपलेला होता तरी ते कपातच बघत राहिले.

रीलवाला आला, आमच्या गच्चीवर व्हिडिओ काढून गेला. कठड्यावर चढला म्हणून वॉचमन ओरडला त्याला.

इंजिनियर काका एक नकाशा घेऊन आले. ट्रेसिंग पेपर, कडेला जुना सेलोटेप पिवळा पडलेला, तो त्यांनी आमच्या कॅरमबोर्डवर पसरला. लाइन कुठून येते, कुठे सहा इंची, पुढे कुठे कुणी चार इंची जोडलीये, म्हणून आम्हाला सकाळी पावणेसातनंतर प्रेशर येत नाही. वीस वर्षं या सोसायटीत राहतोय, पहिल्यांदा कळलं आपलं पाणी कुठून येतं. सगळे वाकून बघत होते. मत मागायचं विसरले ते, निघताना बायकोने आठवण केली तेव्हा खिशातून शिट्टी काढून दाखवली, वाजवली पण नाही.

आणि ताई. ताई सगळ्यात शेवटी आल्या, कामावरून. कोथिंबीर यांनी विचारलं होतं काय केलंय, तर प्रशासकाच्या काळात, नगरसेवक कुणी नसताना, वस्तीतल्या सार्वजनिक संडासाचे दिवे, दारं आणि पाणी यासाठी त्यांनी अर्ज केलेत. वहीच आणली होती. शाळेची दोनशेपानी, प्रत्येक पानावर तारीख, कुणाकडे दिला, पोच मिळाली का, पुढे काय. मी मोजले नाहीत पण वही तीन चतुर्थांश भरलेली. बऱ्याच पानांवर खाली 'झालं' असं लिहिलंय, लाल पेनने. माननीयांच्या नावाने झालेलं मला नक्की माहीत होतं असं एक काम त्या लाल पेनात होतं.

---

विदा_हवा | ११ जानेवारी, रात्री ११.०५

त्या वहीचा फोटो काढायला हवा होता. बाकी सगळं मी परत घेतो, विदा (डेटा) म्हणजे हाच.

---

साधामाणूस | १२ जानेवारी, सकाळी ८.३०

पेन्शनरसाहेब, तरीही 'ड' ला बंडखोर. मी बदलत नाही. 'क' ला मात्र ताई.

---

आमराई_बंगला | १४ जानेवारी, रात्री ९.००

उद्या चारही बटनं दाबायलाच लागतात का? मला फक्त एकालाच द्यायचंय.

---

विदा_हवा | १४ जानेवारी, रात्री ९.२०

चार जागांची चार मतं, एका जागेवर एकच. ज्या जागेवर कुणी नको तिथे त्या जागेचा नोटा दाबा. चारही झाल्यावरच लांब बीप वाजतो, मधेच निघून गेलात तर आतले लोक हाका मारतात. आणि नाव प्रभागाच्या यादीत आजच बघून ठेवा, १ जुलैच्या यादीवरून केलंय सगळं, शेजारच्या प्रभागात गेलेलं असू शकतं.

---

पावणेपाच_पेन्शनर | १५ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

करून आलो.

आईला (वय ८९) घेऊन गेलो होतो. तिला आधी घरी शिकवलं होतं, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा, चार रंग चार मतं. बाहेर आल्यावर म्हणाली चौथं बटन दाबल्यावर केवढ्यांदा ओरडलं रे ते. बोटाला शाई नाही, मार्कर पेन. ती नाखूष. इंदिराबाईंच्या वेळची महिनाभर जायची नाही म्हणे.

शंभर मीटरच्या बाहेर टेबलं. आमच्या दोघांची नावं यादीत सापडेनात, वेगवेगळ्या खोल्यांत पडलेली. माननीयांच्या टेबलावर पुतण्या होता, मोबाइलमधे दहा सेकंदांत काढून दिली, आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणाला देणार ते त्याने विचारलं नाही. बंडखोरांच्या टेबलावर गर्दी. काकांच्या टेबलावर एक छत्री, एक छापील यादी आणि काकांच्या सौ. एकट्या, आणि समोर चार माणसं स्लिपसाठी खोळंबलेली, त्यांना यादीतलं बारीक अक्षर दिसत नव्हतं.

आईला रिक्षाने घरी पाठवलं आणि मी त्या टेबलावर बसलो. साडेपाचपर्यंत. साधामाणूस, तुमच्या त्या स्कूटरवरच्या डब्यांची आठवण झाली, पोहे गार झाले होते पण संपले.